खरा मेल स्पॅममध्ये का जातो, आणि तो तिथे जाऊ नये म्हणून काय करावे

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या कचेरीत गेल्या पावसाळ्यात बसलो होतो. मालकांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "पुण्याची पार्टी म्हणते, ड्रॉइंग पाठवून पंधरा दिवस झाले. आमच्याकडे तर काहीच आलेलं नाही की ओ." कारकुनाने संगणकावर मेल उघडून दाखवला. इनबॉक्स स्वच्छ होता. स्पॅमचा फोल्डर पाहावा म्हटले, तर तोही रिकामा होता. काही महिन्यांपूर्वी एका खोट्या बिलाच्या मेलमुळे त्यांचे पैसे जाता जाता वाचले होते. त्या धसक्याने कोणीतरी स्पॅम अडवणाऱ्या फिल्टरची मर्यादा ५ वरून २ वर आणून तो कडक केला होता आणि त्याच पानावरील ऑटो-डिलीटची खूणही करून ठेवली होती. त्यामुळे संशयास्पद वाटलेला प्रत्येक मेल कोणाच्याही नजरेस न पडता पुसला जात होता. पुण्याचे ते काम तोवर दुसऱ्या फाउंड्रीला मिळाले होते.

निपाणीतील व्यापारी, चिकोडीतील पतसंस्था, खानापुरातील शाळा, अशा अनेक ठिकाणी मी हाच प्रकार थोड्याफार फरकाने पाहिला आहे. एकदा फसवणुकीचा मेल येतो, घाबरून फिल्टर आवळला जातो आणि पुढे कितीतरी दिवस खरे मेल अडत राहतात. म्हणून फिल्टर नेमका काय करतो आणि तो कुठे, किती सैल करावा, हे मुळापासून पाहू.

फिल्टर म्हणजे उफणणी

नको असलेल्या, एकगठ्ठा पाठवलेल्या मेलना स्पॅम म्हणतात. असा पहिला ज्ञात मेल ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर सुमारे ४०० जणांना पाठवला होता आणि त्यात आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात केली होती. मेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे हजारातील एकाने जरी प्रतिसाद दिला तरी पाठवणाऱ्याचे भागते. स्पॅम टिकून राहण्याचे मूळ कारण हेच आहे आणि फिल्टरची गरजही त्यातूनच निर्माण झाली.

खानापूरकडे भाताची मळणी झाल्यावर खळ्यावर उफणणी होते. सुपातून धान्य उंचावरून सोडले की भरलेला दाणा सरळ खाली पडतो आणि फोलपट वाऱ्याबरोबर पलीकडे जाते. वारा मंद असेल तर थोडे फोलपट धान्यातच राहते, आणि वारा जोराचा असेल तर हलके पण चांगले दाणेही फोलपटात जाऊन पडतात. जाणता शेतकरी म्हणूनच फोलपटाचा ढीग लगेच उचलून टाकत नाही, तो हाताने चाचपून पाहतो आणि गरज वाटल्यास पुन्हा वारे देतो. मेलचा फिल्टर हेच काम करतो. फोलपटाचा ढीग म्हणजे स्पॅमचा फोल्डर, आणि वाऱ्याचा जोर म्हणजे फिल्टरची मर्यादा. त्या फाउंड्रीत वाऱ्याचा जोर वाढवला गेला होता आणि फोलपटाचा ढीग परस्पर जाळला जात होता.

दोन चुका, आणि त्यांतली एक मुकी

फिल्टर दोन प्रकारे चुकतो. स्पॅम असूनही तो मेल इनबॉक्समध्ये सोडतो, ही पहिली चूक. खरा मेल असूनही तो स्पॅम ठरवतो, ही दुसरी. या लेखात दुसऱ्या चुकीला आपण 'खोटा संशय' म्हणू.

पहिली चूक लगेच दिसते. लॉटरी लागल्याचा मेल समोर येतो, आपण वैतागतो आणि तो पुसून टाकतो. दुसरी चूक मात्र दिसतच नाही, कारण जो मेल आपल्यापर्यंत पोचला नाही तो येणार होता हेच आपल्याला ठाऊक नसते. तक्रार करायलाही कोणी नसते. पाठवणाऱ्याला वाटते की समोरच्याने दुर्लक्ष केले, आणि आपल्याला वाटते की समोरच्याला गरजच उरली नाही. त्यामुळे फिल्टरविषयीच्या तक्रारी नेहमी पहिल्या चुकीच्याच येतात आणि त्या ऐकून फिल्टर आवळणारा माणूस नकळत दुसरी चूक वाढवत जातो.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, एका कचेरीत दिवसाला १०० मेल येतात, त्यांपैकी ६० स्पॅम आणि ४० खरे असतात. फिल्टर खऱ्या मेलपैकी शंभरात फक्त एकावर खोटा संशय घेतो, असे धरा. ऐकायला हे उत्तम वाटते. पण दिवसाला ४० खरे मेल म्हणजे अडीच दिवसांत १००, म्हणजेच दर अडीच दिवसांनी एक खरा मेल गायब होतो. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर असे दहा मेल होतात. त्या दहांत एखादी चौकशी, एखादे ड्रॉइंग, एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज किंवा जीएसटीसंबंधीची नोटीस असू शकते. उलट दिवसाला पाच स्पॅम इनबॉक्समध्ये आले, तर ते पुसायला मिनिटभरही लागत नाही.

या दोन चुकांचे वजन सारखे नाही, हे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सगळे विवेचन त्याच आधारावर केलेले आहे.

फिल्टर गुण कसे देतो

स्पॅमअ‍ॅसॅसिन हा अनेक वेबसाइट-होस्टिंग सेवांवर वापरला जाणारा मोफत फिल्टर आहे. आपल्याकडील लहान उद्योगांच्या नावाचे जे मेल-पत्ते असतात, त्यांतील पुष्कळ सी-पॅनेल या व्यवस्थेवर चालतात आणि तिथे बहुधा हाच फिल्टर असतो. तो प्रत्येक मेलला अनेक बाबींवर गुण देतो. संशय वाढवणारी गोष्ट दिसली की गुण वाढतात आणि विश्वास वाढवणारी दिसली की कमी होतात. बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की मेलवर स्पॅमचा शिक्का बसतो. मूळ मर्यादा ५ गुणांची असते. ती कमी केली की फिल्टर कडक होतो आणि वाढवली की सैल होतो. अनेकांना हे नेमके उलटे वाटते, म्हणून ते स्पष्ट करून ठेवतो.

फाउंड्रीत आधी ऑटो-डिलीट बंद केले आणि पुण्याहून तोच मेल पुन्हा मागवला. मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वर असलेल्या तांत्रिक नोंदींत, गुणांचा तपशील वाचता आला. विषयाची ओळ पूर्णपणे मोठ्या इंग्रजी अक्षरांत होती, त्याचे साधारण अर्धा गुण. मेल ज्या सर्व्हरवरून निघाला त्याच्या क्रमांकावरून त्याचे नाव सापडेल अशी उलट नोंद नव्हती, त्याचे ०.८ गुण. मेलमध्ये मजकूर दोन ओळींचा आणि कंपनीच्या चिन्हाचे चित्र मोठे, त्याचे सुमारे १.६ गुण. एकूण २.९. मर्यादा ५ असती तर हा मेल आरामात इनबॉक्समध्ये आला असता. त्यात फसवणुकीचे काहीही नव्हते, घाईत काम करणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या सवयी तेवढ्या होत्या.

अशा फिल्टरची मर्यादा ५ च्या खाली आणण्याआधी दहादा विचार करावा आणि ऑटो-डिलीट कधीही चालू करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्याऐवजी त्याच पानावरील स्पॅम बॉक्सचा पर्याय चालू करावा, म्हणजे संशयित मेल वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात आणि परत काढता येतात.

एकच शब्द, दोन अर्थ

ठरावीक शब्द अडवणे हा फिल्टरचा सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा प्रकार होय. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइनच्या सेवेत नाव नोंदवता येईना, कारण गावाच्या नावातील काही अक्षरे सलग वाचली की एक असभ्य इंग्रजी शब्द तयार होतो. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर 'अश्विनी' हे नाव रोमन अक्षरांत लिहून पाहा. मधोमध 'विन', म्हणजे 'जिंकणे' हा इंग्रजी शब्द सापडेल, आणि तो बक्षिसांच्या जाहिरातींत हमखास असतो. पतसंस्थेने 'लोन' हा शब्द अडवला तर तिचा स्वतःचाच व्यवहार अडेल.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे शिकणारा फिल्टर. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेज यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. नवा पुरावा हाती आला की आपला आधीचा अंदाज किती बदलावा, हे त्या विचारातून मोजता येते. शिकणारा फिल्टर प्रत्येक शब्दाकडे असा पुरावा म्हणून पाहतो.

समजा, एका फाउंड्रीच्या १००० खऱ्या मेलपैकी ३०० मेलमध्ये 'कोटेशन' हा शब्द आहे आणि १००० स्पॅमपैकी १०० मध्ये आहे. मग इथे हा शब्द खरेपणाच्या बाजूने तीनास एक अशी साक्ष देतो. आता हाच शब्द एका शाळेच्या कचेरीत पाहा. तिथल्या १००० खऱ्या मेलपैकी जेमतेम ५ मध्ये तो येतो आणि स्पॅमपैकी १०० मध्येच. तिथे तो स्पॅमच्या बाजूने वीसास एक अशी साक्ष देतो. शब्द तोच, पण साक्ष अगदी उलट. म्हणून दुसऱ्याच्या मेलवर शिकलेला फिल्टर आपल्याला पुरत नाही, त्याला आपले मेल दाखवावे लागतात.

स्पॅमअ‍ॅसॅसिनचा हा शिकणारा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० खरे मेल दाखवल्याखेरीज मूळ मांडणीत कामच सुरू करत नाही. इथे बहुतेक लोक चुकतात. ते फक्त स्पॅम दाखवतात, खरे मेल दाखवायचे राहूनच जाते. ज्याने फक्त चोर पाहिले आहेत, अशा पहारेकऱ्याला दारातला प्रत्येक माणूस चोर वाटू लागतो. आपले जुने, निवडक, खरे मेल एका फोल्डरमध्ये ठेवून ते फिल्टरला 'हे खरे' म्हणून शिकवणे हा खोटा संशय कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने २००२ मध्ये असा फिल्टर सोप्या रीतीने कसा बांधावा हे मांडले, तेव्हा त्याने खऱ्या मेलमधील शब्दांची संख्या मुद्दाम दुप्पट धरली होती. खरा मेल अडण्याची शक्यता कमी व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. ज्याने हा मार्ग लोकप्रिय केला त्यानेच दोन चुकांचे वजन असमान मानले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाठवणारा खरा कशावरून?

टपालाच्या पाकिटावर एक पत्ता असतो आणि आतल्या पत्राच्या माथ्यावर लेटरहेड असते. मेललाही असे दोन पत्ते असतात, आणि आपल्याला दिसतो तो आतल्या लेटरहेडवरचा. १९८२ साली मेल पोचवण्याचे नियम लिहिले गेले तेव्हा जाळ्यावरील माणसे थोडी आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची होती, त्यामुळे लेटरहेड खरे आहे का हे तपासण्याची सोयच त्यांत ठेवली गेली नाही. कोणीही कोणाच्याही नावाने मेल पाठवू शकतो, याचे मूळ इथे आहे.

ही उणीव नंतर तीन व्यवस्थांनी भरून काढली. एसपीएफ ही यादी आहे. शाळेच्या फाटकावर मूल कोण नेऊ शकते त्यांची नावे लिहिलेली असतात, तशी आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे या यादीत जाहीर केलेले असते. डीकेआयएम ही लाखेची मोहोर आहे. वाटेत पत्र उघडून बदलले तर ती मोडलेली दिसते. डीमार्क म्हणजे या दोन्हींवर घरमालकाने दिलेली सूचना. यादीत नाव नसेल आणि मोहोरही जुळत नसेल तर काहीच करू नका, बाजूला ठेवा किंवा नाकारा, यांपैकी काय करायचे ते ती सांगते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५००० मेल ही त्याची सीमा आहे. आपल्याकडील लहान कचेऱ्या त्या सीमेच्या फार खाली आहेत, पण ओळख पटवण्याची किमान व्यवस्था त्यांच्याकडूनही अपेक्षित आहेच. आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी या तीन नोंदी तपासतो. त्या बऱ्याचदा नसतातच. होस्टिंग सेवेच्या पानावरून त्या अर्ध्या तासात घालता येतात.

सीमाभागात मला वारंवार दिसलेली दोन कारणे इथे सांगायला हवीत. पहिले कारण मेल पुढे पाठवण्याचे. दुकानाच्या नावाच्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल मुलाच्या जीमेलवर आपोआप फॉरवर्ड होतो. जीमेलला तो मेल दुकानाच्या सर्व्हरकडून आलेला दिसतो, मूळ पाठवणाऱ्याच्या यादीतील सर्व्हरकडून नव्हे, म्हणून एसपीएफची परीक्षा नापास होते. लाखेची मोहोर असेल तर मेल वाचतो, नसेल तर तो अडकण्याची भीती असते. फॉरवर्ड करण्याऐवजी दुकानाचे मेल-खाते आयमॅप पद्धतीने, म्हणजे मेल दुकानाच्या सर्व्हरवरच ठेवून, थेट मोबाइलवर जोडले की हा प्रश्न उरत नाही.

दुसरे कारण वेबसाइटवरील चौकशीच्या फॉर्मचे. फॉर्म भरणाऱ्या गिऱ्हाइकाचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावला जातो. म्हणजे उद्यमबागेतील वेबसाइट एखाद्या याहू पत्त्याच्या नावाने मेल पाठवते, आणि याहूने तर २०१४ सालापासून आपल्या नावाचे असे परके मेल नाकारण्याची सूचना जाहीर केलेली आहे. गिऱ्हाइकाने फॉर्म भरलेला असतो, त्याला धन्यवादाचा संदेशही दिसतो, पण चौकशी पोचत नाही. पाठवणारा म्हणून स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता ठेवावा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'च्या, म्हणजे उत्तर कुठे पाठवायचे त्या जागी घालावा. वेबसाइट बनवून देणाऱ्याचे हे पाच मिनिटांचे काम आहे.

"ओळखीच्यांची यादी केली की झाले ना?"

ओळखीचे पत्ते विश्वासू यादीत टाकणे योग्यच आहे, पण ते नीट टाकावे लागते. काही जण संपूर्ण जीमेल डॉट कॉमच यादीत टाकतात. जीमेलवर खाते कोणालाही उघडता येते, त्यामुळे ही फाटक उघडे ठेवण्यासारखी गोष्ट आहे. शिवाय साध्या यादीत केवळ लेटरहेडवरचा पत्ता पाहिला जातो, आणि तो खोटा लिहिता येतो हे आपण वर पाहिले. उद्यमबागेत आलेल्या त्या खोट्या बिलावर त्यांच्या नेहमीच्या पुरवठादाराचाच पत्ता होता. तो पत्ता साध्या यादीत असता, तर फिल्टरने ते बिल तपासलेही नसते.

म्हणून यादीत पूर्ण पत्ता घालावा आणि जिथे सोय असेल तिथे एसपीएफ किंवा डीकेआयएमची परीक्षा उत्तीर्ण झाली तरच सवलत मिळेल, असे ठेवावे. स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये अशी तपासून सवलत देणारी वेगळी यादी आहे. जीमेलमध्ये एखाद्या पत्त्यासाठी फिल्टर तयार करून 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नका' हा पर्याय निवडता येतो. बँकांच्या बाबतीत पत्ता ओळखणे आता थोडे सोपे झाले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हा राखीव शेवट ठरवून दिला.

"मराठीत लिहिल्यामुळे मेल अडतो का?"

हा प्रश्न मला बेळगावात जितका विचारला जातो तितका दुसरीकडे कुठे विचारला जात असेल असे वाटत नाही, कारण इथल्या कचेरीत एकाच दिवशी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील मेल येतात. देवनागरी लिपी आहे एवढ्याच कारणावरून मोठ्या सेवा मेल अडवत नाहीत. लहान सर्व्हरवर मात्र तसे होऊ शकते. स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये कोणत्या भाषांतील मेल अपेक्षित आहेत हे लिहून ठेवण्याची एक सोय आहे. परक्या प्रांतातील व्यवस्थापकाने तिथे फक्त इंग्रजी लिहिली असेल, तर इतर भाषांतील मेलना जादा गुण मिळतात. आपल्या होस्टिंगवाल्याला हे स्पष्ट विचारावे आणि तिन्ही भाषा मान्य करून घ्याव्यात.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. छापखान्यांत आणि जुन्या कचेऱ्यांत श्रीलिपीसारख्या प्रणालींचे किंवा कन्नडसाठी नुडीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट अजून वापरात आहेत. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गुंता उमटतो. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि शिकणाऱ्या फिल्टरलाही त्यातून ओळखीचा शब्द सापडत नाही. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूरच मेलमध्ये घालावा. तिसरी अडचण निमंत्रणपत्रिकांची. मंडळे आणि संस्था पत्रिकेचे चित्र तेवढे जोडतात आणि मजकूर मुळीच लिहीत नाहीत. फिल्टरच्या नजरेत मजकूर नसलेले चित्र संशयास्पद असते, कारण शब्द लपवण्यासाठी स्पॅम पाठवणारेही हीच युक्ती करतात. चित्राबरोबर तारीख, स्थळ आणि कारण सांगणाऱ्या चार ओळी लिहिल्या तर मेल पोचण्याची शक्यता वाढते. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांनाही त्या वाचता येतात.

"जीमेल सगळे आपोआप करते, मग आम्ही काय करायचे?"

जीमेलचा फिल्टर उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु तोही वापरणाऱ्यांच्या बटणांवरून शिकतो, आणि आपण ते बटण फार सैलपणे दाबतो. स्वतःहून नाव नोंदवलेल्या वार्तापत्राचा कंटाळा आला की लोक 'स्पॅम' दाबतात, तेव्हा खरे तर 'अनसबस्क्राइब' दाबायला हवे. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कर्नाटक शासनाच्या खात्यांकडून कन्नडमध्ये मेल येतो, तो वाचता येत नाही, आणि म्हणून त्याला स्पॅम म्हटले जाते. मी हे स्वतः पाहिले आहे. न समजणारी भाषा आणि नको असलेला मेल यांत फरक आहे, आणि तो फिल्टरला आपण शिकवला नाही तर दुसरे कोणी शिकवणार नाही. शंका आली तर पत्त्याचा शेवट पाहावा, मजकूर भाषांतर करून वाचावा आणि मगच निर्णय घ्यावा.

जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधील मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. महिन्यातून एकदा पाहू, असे ठरवले आणि दोन दिवस उशीर झाला, तर काही मेल कायमचे गेलेले असतात. आठवड्यातून एकदा तो फोल्डर उघडावा. खरा मेल सापडला तर तो नुसता वाचून सोडू नये, 'स्पॅम नाही' हे बटण दाबावे, म्हणजे पुढच्या वेळी तोच पाठवणारा अडण्याची शक्यता कमी होते.

"फिल्टर सैल केला तर फसवणूक वाढेल, त्याचे काय?"

ही भीती खरी आहे, आणि ज्याचे पैसे गेले आहेत त्याला ती बोलून दाखवण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण स्पॅम आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॅम हा बहुधा घाऊक आणि ढोबळ असतो, फिल्टर तो चांगला पकडतो. नेमून केलेल्या फसवणुकीचा मेल मात्र नीटनेटका आणि लहान असतो. त्यात ओळखीची नावे असतात आणि बँक खाते बदलल्याचे एक साधे वाक्य असते. त्याला फिल्टर फारसे गुण देत नाही. उद्यमबागेतील खोटे बिल मी त्याच फिल्टरमधून काढून पाहिले, त्याला दीड गुण मिळाले. म्हणजे मर्यादा २ वर आणूनही ते आतच आले असते, आणि तेवढ्यात पुण्याचे खरे ड्रॉइंग मात्र बाहेर फेकले गेले. आवळण्याचा उपाय ज्या आजारासाठी केला होता, त्यावर तो लागूच पडत नव्हता.

फसवणुकीसाठी वेगळे कुंपण लागते. संगणकावर थेट चालणाऱ्या फाइली जोडलेले मेल सर्व्हरवरच अडवावेत. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर त्याच मेलमधील नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. मेलच्या पासवर्डबरोबर मोबाइलवरील ओटीपीसारखी दुसरी खूण सक्तीची करावी. या तीन गोष्टी केल्या की फिल्टरकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे काम करून घेण्याची गरज राहत नाही.

त्या फाउंड्रीत पुढे काय केले

मर्यादा पुन्हा ५ वर आणली. ऑटो-डिलीट बंदच ठेवले आणि स्पॅम बॉक्स चालू केला. गेल्या दोन वर्षांतील सुमारे चारशे खरे मेल, त्यांत मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही, निवडून फिल्टरला दाखवले. हे काम कारकून आणि मी दोन दुपारी बसून केले. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी घातल्या. डीमार्कची सूचना आधी 'काहीच करू नका' अशी ठेवली, आणि सहा आठवडे अहवाल पाहून, आपलेच कुठले मेल नापास होत नाहीत याची खात्री झाल्यावर, ती 'बाजूला ठेवा' अशी केली. वेबसाइटच्या फॉर्ममधील पाठवणाऱ्याचा पत्ता दुरुस्त केला.

दर शनिवारी दुपारी भट्टी विझल्यावर कारकून स्पॅम बॉक्स उघडतो आणि त्यात सापडलेल्या खऱ्या मेलची तारीख, पाठवणारा आणि मिळालेले गुण एका वहीत लिहितो. पहिल्या शनिवारी सात मेल सापडले, पुढच्या शनिवारी तीन. चौथ्या शनिवारी एकच सापडला. तो हुबळीच्या एका पंप तयार करणाऱ्याचा होता आणि त्याला ५.२ गुण होते. त्याच संध्याकाळी त्यांना फोन झाला. नमुन्याची कास्टिंग सध्या वाळूच्या साच्यात आहे.